ब्राउझरची क्षमता तपासताना या चुका टाळा

इतरांनी लिहिलेली जावास्क्रिप्ट दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि ब्राउझर ओळखण्याच्या नावाखाली केलेल्या त्याच त्या चुका मला आजही भेटतात.

त्यांतली सर्वांत चिवट चूक म्हणजे यूजर एजंटची ओळ, म्हणजे ब्राउझर संकेतस्थळाला स्वतःची ओळख सांगतो ती ओळ, वाचून निर्णय घेणे. जुन्या संकेतस्थळांनी आपल्याला अडवू नये म्हणून ब्राउझर या ओळीत दुसऱ्यांची नावेही घालत आले आहेत. क्रोमच्या ओळीत ‘सफारी’ असते आणि एजच्या ओळीत ‘क्रोम’ व ‘सफारी’ दोन्ही असतात, त्यामुळे नुसता ‘सफारी’ शब्द शोधणारी अट तिन्ही ठिकाणी खरी ठरते. २००९ मध्ये ऑपेराची दहावी आवृत्ती आली, तेव्हा आवृत्तीचा फक्त पहिला अंक वाचणाऱ्या स्क्रिप्ट तिला पहिली आवृत्ती समजत होत्या. अखेर ऑपेराने त्या ओळीत ९.८० हाच आकडा गोठवून ठेवला. २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून तर आयपॅडवरील सफारी स्वतःची ओळख मॅक अशी सांगू लागली. तरीही ‘दोन ओळींत काम भागते’ म्हणून घाईतले नवशिके हाच मार्ग धरतात, आणि त्या दोन ओळी निस्तरण्याचे काम पुढे दुसऱ्याच्या गळ्यात पडते, हे मला अजिबात मान्य नाही. ज्या सुविधेची गरज आहे, तिचीच चौकशी करावी. उदाहरणार्थ, इंटरसेक्शनऑब्झर्व्हर (पानाचा एखादा भाग पडद्यावर दिसू लागला का ते सांगणारी सोय) हवा असेल, तर तो विंडोमध्ये (जावास्क्रिप्टला ब्राउझरच्या सोयी ज्यातून मिळतात त्या ऑब्जेक्टमध्ये) आहे की नाही एवढेच मी पाहतो. ब्राउझरचे नाव मला लागतच नाही.

मात्र सुविधा विंडोमध्ये आहे म्हणजे ती चालते, असे समजणे ही दुसरी चूक आहे, आणि ती मी स्वतः केली आहे. एका लांबलचक अर्जाचा मसुदा आपोआप जतन व्हावा म्हणून मी लोकलस्टोरेज, म्हणजे ब्राउझरमधली साठवणीची जागा, वापरले होते. ते विंडोमध्ये असल्याची अट घातली होती आणि माझ्याकडच्या सर्व ब्राउझरांत ती पार पडली होती. तरी काही जणांकडून ‘पाठवा’ बटण दाबले जाते, पण काहीच होत नाही, अशा तक्रारी येऊ लागल्या. दोन दिवस मी बटणाचाच कोड तपासत बसलो. शेवटी कळले की ते सर्व जण एका ब्राउझरची खाजगी विंडो वापरत होते. तिथे लोकलस्टोरेज दिसत होते, पण साठवणीची मर्यादा शून्य होती; पहिलीच नोंद लिहिताना एरर येऊन पुढची सगळी स्क्रिप्ट थांबत होती, आणि बटणाला काम जोडणारी ओळ नेमकी त्यानंतर होती. कुकी पूर्ण बंद केलेल्या ब्राउझरमध्ये तर नुसते लोकलस्टोरेज मागितले तरी एरर येऊ शकते. तेव्हापासून मी ट्राय-कॅचच्या (एरर आली तरी स्क्रिप्ट थांबू न देणाऱ्या रचनेच्या) आत एक तात्पुरती नोंद लिहितो, वाचून पाहतो, पुसतो, आणि हे तिन्ही जमले तरच पुढे जातो.

जावास्क्रिप्टची नवी वाक्यरचना इफच्या अटीमागे लपवता येत नाही. जुना ब्राउझर अट तपासण्याआधी संपूर्ण फाइल वाचतो आणि अनोळखी चिन्हापाशी ती फाइलच नाकारतो. मॉड्यूल (नव्या ब्राउझरसाठी) आणि नोमॉड्यूल (जुन्यांसाठी) अशा दोन फाइली दिल्या तरी मॉड्यूल समजणाऱ्या ब्राउझरला ऑप्शनल चेनिंग (‘?.’ ही नवी रचना) समजेलच असे नाही, म्हणून मी बिल्डच्या वेळीच, म्हणजे फाइली चढवण्यासाठी तयार करतानाच, कोड जुन्या रचनेत उतरवून घेतो.

स्पर्शाची सोय आढळली म्हणून माउस नाही असे धरू नये. अनेक लॅपटॉपना दोन्ही असतात. तारखेचा इनपुट तपासताना नव्या इनपुटचा प्रकार ‘डेट’ ठेवून तो परत वाचावा. ‘टेक्स्ट’ मिळाले तर स्वतःचे कॅलेंडर द्यावे.

क्लिपबोर्डची (कॉपी-पेस्टच्या सोयीची) तपासणी केवळ लोकलहोस्टवर (स्वतःच्याच संगणकावर चालवलेल्या पानावर) करून थांबू नये. लोकलहोस्टला ब्राउझर सुरक्षित मानतो, म्हणून तिथे नेव्हिगेटर या ब्राउझरच्या ऑब्जेक्टमध्ये क्लिपबोर्ड सापडतो. तेच पान साध्या एचटीटीपीवर चढवले की तो अनडिफाइन्ड होतो, म्हणजे तिथे नसतोच. अशा वेळी ब्राउझरला दोष देण्याआधी मी पत्त्यात एचटीटीपीएस आहे का ते पाहतो.