टेस्टला निघताना आधी फाइल उघडा

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची पोरं आरटीओत पक्क्या लायसन्सच्या टेस्टला निघाली की मी आधी त्यांची फाइल बघते, मग गाडीची चावी देते. हात कितीही साफ असू दे, लर्निंगवर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं असलं की पोरगी खिडकीवरच अडकते.

म्हणून आदल्या रात्री लर्निंग लायसन्स आणि आधार शेजारी शेजारी ठेवा. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, अक्षर न् अक्षर ताडून बघा. लर्निंग काढल्यावर मध्येच आधार बदलून आणणाऱ्या नव्या नवऱ्या माझ्याकडे लग्नसराईनंतर हमखास येतात. त्यांना मी सांगते, बाई गं, आधी टेस्ट दे, मग आधारला हात लाव. बदललंच असेल तर टेस्टच्या दिवसाची वाट न बघता आधीच आरटीओत विचारून ये आणि लग्नाचा दाखला फाइलला लाव.

मूळ कागद एका पिशवीत, झेरॉक्स दुसऱ्या. सारथीवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर, घेतलेल्या स्लॉटची पावती छापूनच न्या. डिजिलॉकरमधली आरसी कायद्याने चालते, पण ऐन खिडकीवर रेंज गेली की तुमचा चेहरा बघण्यासारखा होतो! चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १ए, म्हणजे तब्येतीचा दाखला, लागतो.

गाडी तुम्हीच न्यायची असते, तेव्हा तिचेही कागद आलेच: आरसी, विमा, पीयूसी. पीयूसीची तारीख कुणी बघतच नाही, ते नेमकं काल संपलेलं असतं. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल एल हवा आणि जाताना शेजारी लायसन्सवाला माणूस. कुणाला तरी मागे उभं करून ब्रेकलाइट लागतोय का बघून घ्या. दुचाकीला हेल्मेट, हे काय सांगायचं!

आता टेस्ट. गाडीत बसल्या बसल्या किल्ली फिरवू नका. सीट, आरसे, पट्टा, गाडी न्यूट्रलला, मग स्टार्ट. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १५ व्या नियमात टेस्टमध्ये काय काय बघायचं याची यादी आहे, त्यात आरसा नीट लावणंसुद्धा येतं. आरशात नुसते डोळे फिरवलेत तर साहेबांना कळणार कसं? मान वळली पाहिजे.

सगळ्यात जास्त मुलं चढावर घाबरतात. हँडब्रेक ओढलेला ठेवा, क्लच सावकाश सोडा. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचललं, की थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि मगच हँडब्रेक खाली. गाडी मागे सरकता कामा नये. दुचाकीवर आठचा आकडा काढताना नजर चाकावर नको, पुढच्या वळणावर ठेवा, पाय आपोआप वर राहतात.

तारखांचा हिशोब मात्र स्वतः ठेवा. लर्निंग निघाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय टेस्ट देता येत नाही आणि लर्निंग चालतं ६ महिने. नापास झालात तर ७ दिवस थांबायचं, तीनदा झालात तर ६० दिवस. पहिलीच टेस्ट पाचव्या महिन्यात ठेवलीत तर एवढी जागाच उरत नाही आणि लर्निंग पुन्हा काढावं लागतं. दुसऱ्या महिन्यातच स्लॉट घेऊन टाका.