परक्या विमानतळावर बॅटरी उतरली तर

छोट्या खासगी विमानातून लांब जाताना सामानात व्होल्टेज मोजणारा एक मल्टिमीटर ठेवाच. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन पुरेशा वेगाने चालू असताना आकडा १४ च्या आसपास हवा. तो १२ वरच रेंगाळला, तर दोष बहुधा चार्जिंगमध्ये असतो. अल्टरनेटरचा (इंजिनच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) बेल्ट, सैल झालेल्या तारा आणि ब्रेकर (जास्त वीज वाहिली की पुरवठा तोडणारं बटण) तपासा. ब्रेकर पुन्हा उडाला तर त्याला दाबत बसू नका.

बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर बाहेरून वीज देऊन इंजिन सुरू करायचं आणि लगेच उडायचं, हा मोह कटाक्षाने टाळा. मॅग्नेटोमुळे, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या यंत्रामुळे, इंजिन चालत राहील हे खरं. पण हवेत अल्टरनेटर थांबला, तर रेडिओ, दिवे आणि विजेवरचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) चालवायला राखीव वीजच उरलेली नसते. रात्रीचा मुक्काम पडला तरी चालेल, पण बॅटरी काढून, नीट चार्ज करून, तपासून घ्या.

मेकॅनिकला फोन करताना मोजलेले आकडे सांगा. काय सोबत आणायचं, हे त्याला त्यावरूनच बरंचसं कळतं.