गेट पुन्हा द्यायची म्हणताय? आधी या चुका टाळा

गेट म्हणजे इंजिनिअरिंगनंतर एमटेकच्या प्रवेशासाठी आणि सरकारी कंपन्यांतल्या नोकरीसाठी द्यायची परीक्षा. मार्चमध्ये तिचा निकाल लागला की माझ्याकडे एकच प्रश्न यायला लागतो, "सर, ड्रॉप घेऊ का?" म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देऊ का. मुलं स्वतःची रँक सांगतात, मित्राची सांगतात, क्लासवाल्यांनी काय सुचवलं तेही सांगतात. स्वतः दिलेल्या उत्तरांची रिस्पॉन्स शीट मात्र कुणी आणत नाही. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. चांगल्या मुलांचं एकेक वर्ष त्याच त्या चुकांपायी जाताना बघवत नाही, म्हणून हे लिहितोय.

स्कोअर बघितला, पेपर बघितलाच नाही

"साठ पॉइंट कमी पडले, म्हणजे अभ्यास कमी पडला," असं धरून मुलं पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करतात. आधी हे साठ पॉइंट म्हणजे किती गुण, ते बघा. गेटच्या सूत्रात खुल्या गटाच्या पात्रता गुणांना 350 स्कोअर मिळतो आणि अगदी वरच्या मुलांच्या सरासरी गुणांना 900. समजा तुमच्या पेपरला पात्रता 28 गुणांवर होती आणि वरची सरासरी 80 होती. मग 52 गुणांमध्ये 550 पॉइंट वाटले गेले, म्हणजे एका गुणाला साडेदहा. साठ पॉइंट म्हणजे सहा गुणसुद्धा नाहीत.

आता रिस्पॉन्स शीट उघडा. दोन गुणांचा बहुपर्यायी प्रश्न चुकला की दोन तृतीयांश गुण कापला जातो. असे नऊ प्रश्न अंदाजाने ठोकले असतील तर सहा गुण तिथेच गेले. ते नऊ प्रश्न कोरे सोडले असते तरी स्कोअर साठने वर असता. आकडा टाइप करायच्या आणि एकाहून जास्त बरोबर पर्यायांच्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी कित्येक जण नेमके तेच कोरे सोडून येतात.

मी मुलांना वहीत चार रकाने आखायला लावतो: येत नव्हतं, येत होतं पण आकडेमोड चुकली, अंदाजाने मारलं, वेळच पुरला नाही. पहिला रकाना सर्वांत लांब निघाला, तर पुन्हा वर्षभर अभ्यास करण्यात अर्थ आहे. बाकीचे तीन लांब निघाले, तर नोकरी किंवा एमटेक करता करताही तुम्ही ते सुधारू शकता. त्याला टेस्ट सिरीज, घड्याळ आणि शिस्त लागते; घरी बसून काढलेलं वर्ष लागत नाही. हा तक्ता भरायला एक दुपार पुरते. एका दुपारचाही धीर ज्याला नाही, त्याने वर्षभर ड्रॉप घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हातातली सीट सोडून ड्रॉप

सिव्हिलच्या एका विद्यार्थिनीला सीसीएमटीत, म्हणजे एनआयटींच्या एमटेकच्या सामाईक प्रवेश फेऱ्यांत, दुसऱ्या राज्यातल्या एनआयटीची स्ट्रक्चरल शाखा मिळत होती. तिला पवईची आयआयटीच हवी होती. "एवढ्या लांब जाण्यापेक्षा वर्षभर मन लावून करते," असं म्हणून तिने सीट सोडली. मग पुण्यात खोली घेतली आणि त्याच विषयांना पुन्हा क्लास लावला. पहिले काही महिने सॉइल आणि स्ट्रक्चर्समध्ये गेले. हे तिचे आधीपासूनच पक्के विषय. जे येतं ते पुन्हा करताना अभ्यास झाल्यासारखा वाटतो. अ‍ॅप्टिट्यूडचे 15 आणि गणिताचे 13 गुण "शेवटी बघू" म्हणून मागे राहिले. शंभरातले 28 गुण असे बाजूला ठेवून कुणाचाही स्कोअर वाढत नाही. फेब्रुवारीत पेपर झाला आणि स्कोअर आदल्या वर्षीपेक्षा थोडा कमीच आला.

आई-वडील तिला घेऊन माझ्याकडे आले तेव्हा घरात तिसऱ्या प्रयत्नाची चर्चा सुरू होती. मी जुनं स्कोअरकार्ड मागितलं. नवा निकाल लागला की जुना बाद होतो, असं तिघांनाही वाटत होतं. तसं नसतं. गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो आणि प्रवेशासाठी त्यातला चांगला वापरता येतो. आदल्या वर्षीच्याच स्कोअरवर तिने पुन्हा सीसीएमटीचा फॉर्म भरला आणि तशाच एका एनआयटीत तिला स्ट्रक्चरल मिळाली. तिथे ती छान शिकली. पण हा प्रवेश एक वर्ष आधी तिच्या हातात होता, आणि ते वर्ष, ते खोलीभाडं, तो घरातला ताण हे सगळं टाळता आलं असतं.

सरकारी कंपनीतली नोकरी हे ध्येय असेल तर गणित बदलतं. बहुतेक कंपन्या जाहिरातीत सांगितलेल्या वर्षाचाच स्कोअर घेतात, तिथे जुना स्कोअर कामाला येत नाही.

प्रवेश हुकला, पण स्कोअरमुळे नाही

सीओएपीवर, म्हणजे आयआयटींच्या ऑफर जिथे येतात त्या सामाईक पोर्टलवर, नोंदणी केली म्हणजे आयआयटीत अर्ज गेला, असं समजणारे दरवर्षी भेटतात. प्रत्येक आयआयटीला वेगळा अर्ज करावा लागतो, आणि निकालाचं दुःख करत बसलात तर ती मुदत निघून जाते. आयआयटी मुंबईत तीन वर्षांचं रिसर्च असिस्टंटशिप एमटेक असतं, त्याची चौकशीही न करता मुलं "मुंबई हुकली" म्हणतात. ऑफर आल्यावर ती हातात ठेवून पुढच्या फेरीची वाट बघायच्या "रिटेन अँड वेट"च्या जागी "रिजेक्ट अँड वेट" निवडलंत तर ती ऑफर गेली. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षाचा लागतो. राज्याच्या नमुन्यातला घेऊन गेलात तर अडचण येणार. यातल्या कशामुळे सीट गेली असेल, तर पुन्हा परीक्षा देऊन त्यावर इलाज होत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

दोन वर्षांच्या रँकची तुलना करू नका. पेपरची काठिण्यपातळी आणि बसणाऱ्यांची संख्या दोन्ही बदलतात.

मित्र ड्रॉप घेतोय म्हणून ड्रॉप घेऊ नका.

"तीन महिन्यांत गेट"वाले व्हिडिओ बंद करा. मूळ पुस्तक न उघडता नुसती सूत्रं पाठ करणारा मुलगा आकडा टाइप करायच्या प्रश्नाला अडतो, हे मी नेहमी बघतो.

राज्यातल्या एमटेकच्या कॅप फेरीत, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, गेटवाल्यांना आधी प्राधान्य असतं. सीओईपी, व्हीजेटीआय यांच्या मागच्या वर्षीच्या कटऑफ याद्या डाउनलोड करा आणि तुमचा स्कोअर त्यात कुठे बसतो ते बघा.

नोकरी लागली असेल तर राजीनामा देऊ नका. आधी पूर्ण लांबीच्या टेस्ट घड्याळ लावून द्या. नोकरी सांभाळून त्यातले गुण वाढत असतील, तर राजीनाम्याची गरजच नाही.

निर्णय मार्चमध्ये घ्यायची घाई नको. गेटचा पुढचा फॉर्म साधारण ऑगस्टअखेरीस सुटतो. तोवर सीसीएमटीच्या फेऱ्या होऊ द्या, चार रकान्यांचा तक्ता भरा आणि तो घरी आई-वडिलांसमोर ठेवून बोला. त्यांनाही रँकपेक्षा त्या तक्त्यावरून जास्त कळेल. सीट घेऊन एमटेकला बसलात तरी फेब्रुवारीत पुन्हा गेट देता येते, आणि मी बहुतेकांना तेच सुचवतो.