जुन्या डेटाबेस आवृत्तीचा सपोर्ट बंद करताना

आपल्या सॉफ्टवेअरमधून एखाद्या जुन्या डेटाबेस सर्व्हरचा सपोर्ट कधी काढायचा, हे ठरवताना आधी त्या सर्व्हरच्या निर्मात्यांचे वेळापत्रक पाहावे. पोस्टग्रेएसक्यूएलची प्रत्येक प्रमुख आवृत्ती साधारण पाच वर्षे सांभाळली जाते, तर मायएसक्यूएल ५.७ ची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. जँगो या वेब फ्रेमवर्कने एप्रिल २०२३ मधल्या आपल्या ४.२ आवृत्तीतच मायएसक्यूएल ५.७ वगळले, कारण त्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पुढची वर्षे एका बेवारस सर्व्हरचे ओझे वाहावे लागले असते. हा निर्णय मला योग्य वाटतो.

सपोर्ट काढण्याच्या किमान एक आवृत्ती आधी इशारा द्यावा आणि तो ॲडमिनच्या पडद्यावर दिसावा, कारण लॉग सहसा बिघाड झाल्यावरच उघडला जातो. सध्याची आवृत्ती, लागणारी किमान आवृत्ती आणि सपोर्ट थांबण्याची तारीख या तिन्ही गोष्टी त्यात असाव्यात.

आवृत्ती तपासणारा कोड दिसतो तितका सोपा नसतो. आवृत्ती क्रमांकांची तुलना अक्षरांप्रमाणे केली, तर पोस्टग्रेएसक्यूएल १० हे ९.६ पेक्षा जुने ठरते. म्हणून क्रमांकाचे भाग सुटे करून ते संख्या म्हणूनच ताडून पाहावेत. मायएसक्यूएलपासून निघालेल्या मारियाडीबीच्या १०.x मालिकेतील सर्व्हर जोडणीच्या पहिल्या संदेशात स्वतःच्या क्रमांकाआधी ५.५.५ असा उपसर्ग लावतात, तो ओळखला नाही तर चांगला चालणारा सर्व्हरही नाकारला जाईल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही तपासणी स्कीमा (टेबलांची रचना) बदलणारी पहिली आज्ञा चालण्यापूर्वीच व्हायला हवी. मायएसक्यूएलमध्ये टेबलाची रचना बदलणारी आज्ञा लगेच कायम होते, त्यामुळे अपग्रेड मध्येच अडकले तर रोलबॅक करून मूळ स्थितीत येता येत नाही आणि वापरकर्त्याच्या हाती ना जुनी ना नवी अशी अर्धवट रचना उरते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये असे बहुतेक बदल ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पूर्ण होणाऱ्या किंवा एकत्र मागे घेता येणाऱ्या आज्ञांच्या गटात) बसतात, पण त्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नये.

वापरकर्त्यांसाठीच्या सूचनांत बॅकअप घेण्याइतकाच तो दुसऱ्या सर्व्हरवर उतरवून पाहण्याचा आग्रह धरावा, कारण मायएसक्यूएल ८.० वरून ५.७ वर त्याच डेटासह परतण्याची सोय नाही. मायएसक्यूएल शेलमधील अपग्रेड तपासणी आधी चालवून घेण्यास सांगावे. ८.० मध्ये ‘रँक’ आणि ‘ग्रुप्स’ हे शब्द राखीव झाले, त्यामुळे त्या नावांचे कॉलम असलेल्या क्वेरी बॅकटिक (`) अवतरणचिन्हांविना चालत नाहीत. शिवाय ‘ग्रुप बाय’ आता निकाल आपोआप क्रमाने लावत नाही, म्हणून जिथे क्रम हवा तिथे ‘ऑर्डर बाय’ स्पष्ट लिहावे लागते.

जुन्या सर्व्हरसाठी ठेवलेल्या कोडमधल्या खास तरतुदी आणि चाचण्या सपोर्ट काढतानाच हटवाव्यात. ज्यांना लगेच सर्व्हर बदलणे शक्य नाही, त्यांच्यासाठी जुन्या सर्व्हरवर चालणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरच्या शेवटच्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, हे त्याच घोषणेत लिहावे.