फाळक्याचा खटका: पिकअपची ॲक्सेसरी बनवताना मी कुठे कुठे आपटलो

पिकअपचा मागचा फाळका कधी स्वतः उघडलाय का? दोन्ही बाजूच्या कड्या काढल्या की तो धाडकन खाली येतो, साखळ्या ताणल्या जातात आणि मध्ये बोट असेल तर बोट गेलं. माझा मामा नारायणगाव मार्केटमधून टोमॅटोचे क्रेट घेऊन वाशीला जातो, त्याच्या उजव्या हाताची दोन नखं अशीच गेली, आणि तेव्हा मी भोसरीत एका फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये फिटर होतो आणि मामा म्हणाला, "आरं तू लोखंडाचा माणूस ना, मग ह्याला काहीतरी कर की." माझ्या ॲक्सेसरीच्या धंद्याची सुरुवात एवढीच आहे, त्यात आयडिया-बियडिया काही नव्हतं. आता आयटीआय, डिप्लोमावाली पोरं विचारतात की दादा, असं काहीतरी शोधायचं आणि पेटंट काढायचं असेल तर कसं करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिल्यांदा मी जे सगळे करतात तेच केलं, गॅसचा शॉकर लावला. कारच्या डिकीला असतो तो. मस्त चालला, चार महिने. टोमॅटोची गाडी म्हणजे चिखल, माती, सडका रस, आणि परतीच्या ट्रिपला कधी मुरूम नाहीतर वाळू, ती धूळ रॉडवर बसते आणि सील खाते, गॅस गेला की शॉकर म्हणजे नुसती काठी. तेव्हा कळलं की कारची वस्तू उचलून गाडीला लावली म्हणजे झालं असं नसतं. मग एका जुन्या मिस्त्रींनी सांगितलं की पिळाचा दांडा लाव, म्हणजे टॉर्शन बार, त्याला ना सील ना तेल.

आता ह्यातलं गणित थोडं सांगतो, कारण नवीन पोरं इथेच घाई करतात. फाळका काढून काट्यावर ठेवला, २३ किलो भरला. उंची ४० सेंटिमीटर, म्हणजे वजनाचा मध्य बिजागरीपासून २० सेंटिमीटरवर. आडवा झाला की बिजागरीवर साधारण ४५ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर. मी अंदाजपंचे १० एमएमचा दांडा घातला, लांबी चार फूट, आणि फाळका उघडेचना! कड्या काढल्या तरी तसाच उभा, खाली आणायला मामा अक्षरशः त्याला लटकला, आणि सोडला की परत वर. शॉपमधले सगळे हसून हसून पडले. कारण काय तर दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे ८ चा १० केला की सव्वापट नाही, जवळजवळ अडीचपट. तेवढ्याच लांबीचा ८ एमएमचा दांडा काटकोनात पिळला की ४२ न्यूटन मीटरच्या आसपास देतो, फाळक्याला जेवढं पाहिजे त्याच्या किंचित खाली. तो लावला आणि फाळका असा सावकाश आला की मामा दोन मिनिटं नुसता उघडझाप करत बसला. आडव्या फाळक्याच्या टोकाला लटकता काटा लावून ओढून बघितलं, आधी बारा किलोच्या आसपास दाखवायचा, आता जेमतेम एक.

इथे मी आयुष्यातली सगळ्यात महागडी चूक केली. आनंदात व्हिडिओ काढला आणि स्टेटसला टाकला. मामानं तो ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकला, तिथून कुणीतरी यूट्यूबवर चढवला, आणि तीन महिन्यांत एका वर्कशॉपचं तसंच किट बाजारात. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण चूक माझी होती. पेटंटचा पहिला नियम असा की अर्ज करायच्या तारखेच्या आधी वस्तू जगासमोर आली की ती नवीन राहत नाही, मग दाखवणारे तुम्ही स्वतः का असेना. प्रदर्शनात वगैरे मांडलं तर कायद्यात थोडी सवलत आहे, पण ती फार अरुंद गल्ली आहे, तिच्या भरवशावर राहू नका. स्टेटस, रील, गिऱ्हाइकाला दिलेला डेमो, विकलेला एक पीस, ह्यातलं काहीही अर्जाच्या आधी नको. दाखवावंच लागलं, समजा लेझर कटिंगवाल्याला किंवा स्प्रिंगवाल्याला, तर आधी दोन ओळींचा का होईना गुप्ततेचा कागद सही करून घ्या, आणि अख्खी असेंब्ली एकाच माणसाकडे देऊ नका.

गंमत अशी झाली की त्या कॉपीवाल्यांनी माझी चूकपण कॉपी केली. व्हिडिओतल्या दांड्याच्या टोकांना मी पट्ट्या वेल्ड केल्या होत्या. स्प्रिंगच्या स्टीलला वेल्ड मारलं की वेल्डच्या शेजारची जागा काचेसारखी ठिसूळ होते, वरून बरी दिसते, आणि काही शे वेळा पिळ बसला की कट्कन तुटते. माझा दुसऱ्या महिन्यात तुटला, त्यांचे गिऱ्हाइकांकडे तुटले. मग मी भोसरीतल्याच एका स्प्रिंगवाल्याकडे गेलो, त्यानं ईएन ४७ नावाच्या स्प्रिंगच्या स्टीलचा दांडा घेऊन टोकं गरम करून वाकवली, मग हार्डनिंग, टेम्परिंग, वेल्ड कुठेच नाही. स्प्रिंगवाल्याशी मैत्री करा राव, कॉलेजच्या पुस्तकात नाही ते सगळं त्याच्याकडे असतं.

तरी एक भानगड राहिलीच होती. माल उतरवताना कधी कधी साखळ्या काढून फाळका पूर्ण खाली लोंबकळत सोडतात, म्हणजे काटकोनाच्या दुप्पट. दांडा तेवढा पिळला गेला की बाक धरतो, परत सरळ होत नाही, आणि मग जोर कमी. हे मला शॉपमध्ये बसून कधीच कळलं नसतं. मार्केटच्या यार्डात तीन दिवस नुसता उभा राहिलो तेव्हा दिसलं की हमाल फाळका उघडून थांबत नाहीत, त्यावर पाय देऊन वर चढतात, क्रेट आपटतात, आणि धक्क्याला गाडी लावली की साखळ्या काढून फाळका सोडून देतात. मग मी एक खटका केला, जो त्या व्हिडिओत नव्हता. फाळका बंद असताना, म्हणजे दांड्यात पीळ नसताना, खटका ओढला की दांड्याचं एक टोक मोकळं, फाळका जुन्यासारखा लोंबकळतो, परत बंद करून खटका सोडला की दांडा कामाला. आणि दुसरं म्हणजे बिजागरीच्या मूळच्या पिनवरच बसणारा क्लॅम्प केला, ज्यामुळे बॉडीला एकही भोक नाही, वेल्ड नाही, दोन पान्यांनी वीस मिनिटांत फिटिंग.

माझं मत विचाराल तर ॲक्सेसरीत शोध यंत्रात नसतोच, फिटिंगमध्ये असतो. यंत्र बहुतेक वेळा आधीच कुणीतरी शोधलेलं असतं. मी पेटंट शोधायला बसलो, जुने पेटंट शोधायच्या वेबसाइट, भारतातलं सरकारी इनपास आणि गूगल पेटंट्स, दोन्ही फुकट आहेत, तर अमेरिकन पिकअपच्या फाळक्याला पिळाचा दांडा लावायचे ढीगभर पेटंट निघाले, फोर्ड आणि शेव्हरोलेच्या गाड्यांत तर तो कंपनीतूनच येतो. एक रात्र झोप नाही लागली. पण त्यात खटका नव्हता, कारण त्यांच्याकडे हमाल फाळका असा लोंबकळत सोडत नाहीत, आणि बिजागरीही वेगळी. तेव्हा शोधायला बसाल तर "माझं आहे का तिथे" असं नका बघू, "माझ्यातलं काय तिथे नाही" असं बघा.

अर्जाचं थोडक्यात सांगतो. तयारी अर्धवट असेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाका, तारीख पक्की होते, आणि पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यायला १२ महिने मिळतात. ऑनलाइन भरलं तर एकट्या माणसाला, स्टार्टअपला किंवा लहान उद्योगाला अर्जाची सरकारी फी १६०० रुपये, त्यात ३० पानं आणि १० क्लेम (शोधातलं नेमकं काय आपलं, ते सांगणारी कलमं) येतात, वर गेलात तर दर पानाला आणि दर क्लेमला जादा. अर्ज केला म्हणजे तपासणी आपोआप होते असं मला वाटायचं, तर नाही, त्याची वेगळी मागणी करावी लागते, फी ४०००, आणि २०२४ च्या नव्या नियमांनी तिची मुदत ४८ वरून ३१ महिन्यांवर आणलीय. जुने लेख वाचून ४८ धरून बसाल तर अर्ज मेला. माझी बायको कॅडवर ड्रॉइंग करते, क्लॅम्पचा आकार खरं तर तिचाच, त्यामुळे ती सहअर्जदार आहे, आणि अर्जदारांत बाई असेल तर तपासणी लवकर करून मागता येते, त्याला ८००० पडतात. पेटंट एजंटची फी मात्र ह्या सगळ्याच्या कितीतरी पट असते. प्रोव्हिजनल एकवेळ स्वतः लिहाल, पण क्लेम लिहायला माणूस लावाच. मी स्वतः लिहिलेला पहिला क्लेम एजंटनं वाचला आणि म्हणाला, "ह्यात तुम्ही तुमच्या गाडीचं वर्णन केलंय, शोधाचं नाही."

मुंबईच्या पेटंट ऑफिसकडून, अँटॉप हिलला आहे ते, महाराष्ट्र-गोव्याचे अर्ज तिथेच जातात, तपासणीचा रिपोर्ट आला तो बघून पोटात गोळा आला. पेटंट कायद्याच्या कलम ३(एफ) ची हरकत, म्हणजे माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्यात, प्रत्येक आपापलं जुनंच काम करतेय. ॲक्सेसरीवाल्यांना ही हरकत हमखास येते, कारण आपण करतो काय तर दांडा, क्लॅम्प, खटका, सगळं बाजारातलंच. उत्तर द्यायला सहा महिने असतात. आम्ही दाखवलं की खटका आणि दांडा एकमेकांवर अवलंबून आहेत, पीळ शून्य असतानाच खटका सुटतो, पीळ असताना ओढला तरी दाबाखाली अडकून राहतो, म्हणजे चुकून कुणाच्या हातावर फाळका पडत नाही. एकत्र आल्यानं नवीन काम होतंय हे पटलं. मिळालं पेटंट, पण सात क्लेममधले दोनच उरले. तेवढे पुरतात.

नुसता आकार नवीन असेल, मडफ्लॅप, ग्रिल, व्हायझर असलं काही, तर पेटंटच्या मागे लागू नका, डिझाइन रजिस्टर करा, ते कोलकात्याला होतं, १० वर्षं मिळतात आणि पुढे ५ वाढवता येतात. काही देशांत छोट्या शोधांसाठी वेगळं हलकं पेटंट असतं, ते आपल्याकडे नाही.

आता आरटीओचं, कारण इथे भली भली पोरं गार होतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीत असा बदल नको ज्यानं आरसीवरची माहिती आणि गाडी जुळणार नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलं. पुढचे क्रॅश गार्ड किती लोक बनवायचे आठवा, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं ते बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं आणि कित्येकांचे साचे भंगारात गेले. वस्तू कितीही हुशार असो, गाडीची लांबी, रुंदी, वजन, दिवे, ब्रेक ह्यातलं काही हलत असेल तर पहिला प्रॉडक्ट म्हणून ती घेऊ नका. ट्रकच्या मागे कार घुसू नये म्हणून जो बार असतो, त्याला आयएस १४८१२ हे भारतीय मानक आहे, त्याची टेस्ट करावी लागते. गाड्यांच्या टेस्टिंगच्या संस्था, पुण्यात एआरएआय आहे, भोसरीत सीआयआरटी आहे, सोय घरात आहे, पण टेस्टिंगचा खर्च नवख्याला झेपत नाही. हौद्याच्या, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाच्या आतलं, काढता येणारं, भोक न पाडणारं, इथून सुरू करा. भोक पाडलं की वॉरंटीवरून डीलर वाद घालतो आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं.

प्रॉब्लेम कुठून शोधायचा असं विचारता ना, तर ड्रायव्हरकडून. ट्रकचं कम्प्रेशन ब्रेक माहितीय, ज्याला जेक ब्रेक म्हणतात? क्लेसी कमिन्स, ज्यांच्या नावाचं इंजिन आहे तेच, १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातला कहोन घाट ट्रकनं उतरत होते, ब्रेक गेले आणि खाली रेल्वेच्या गाडीवर आदळता आदळता वाचले. ते डोक्यात राहिलं, आणि निवृत्तीनंतर त्यांनी इंजिनानंच गाडी रोखणारं यंत्र काढलं, जे १९६१ मध्ये जेकब्स नावाच्या ड्रिलचे चक बनवणाऱ्या कंपनीनं बाजारात आणलं. खंबाटकी घाट उतरताना मला दर वेळी ही गोष्ट आठवते. घाटात घाबरण्यापासून बाजारापर्यंत तीस वर्षं. माझा फाळका पाच वर्षांत झाला म्हणजे मी नशीबवान.

विक्रीचं फार काही सांगण्यासारखं नाही. गाडी कंपन्यांना मेल केले, उत्तर नाही. शोरूमच्या ॲक्सेसरी काउंटरवाल्यानं एवढं मार्जिन मागितलं की हिशोबच बसेना. चाललं ते गाड्यांची बॉडी बांधणाऱ्यांकडे, म्हणजे बॉडी बिल्डरकडे, कारण नवीन गाडी हौदा बांधायला तिथेच येते, आणि निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत दोन गॅरेजवाले फिटिंग करून देतात, दर किटमागे त्यांचे पैसे ठरलेले. पहिली चाळीस किटं उधारीवर गेली, त्यातल्या अकराचे पैसे अजून यायचेत. आणि मामा? त्याच्या गाडीला सगळ्यात पहिलं किट आहे, तरी तो अजून फाळका उघडताना खाली गुडघा लावतो. सांगून थकलो. सवय.

पेटंट जिवंत ठेवायला तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी फी असते, एकट्या माणसाला सुरुवातीला ८०० रुपये, पुढे वाढत जाते. कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि ड्रॉइंगबद्दल कुणाला विचारायचं असेल तर विचारा, पण तुमची वस्तू अर्जाच्या आधी मलाही दाखवू नका.