‘आठवत नाही’ म्हणणारा साक्षीदार आणि त्याची जुनी साक्ष

ठाण्याच्या कोर्टनाक्यावर वकिली सुरू करून मला चौथे वर्ष लागले होते, तेव्हा एका खुनाच्या खटल्यात मयताच्या आईच्या वतीने सरकारी वकिलांना सहाय्य करण्याचे काम माझ्याकडे आले. दोन आरोपींपैकी एकावरचा खटला आधीच चालून संपला होता. दुसरा फरारी होता. तो काही वर्षांनी सापडला आणि त्याच्यावर स्वतंत्र खटला उभा राहिला. महत्त्वाचा साक्षीदार एकच, वागळे इस्टेटमधील एका सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन. पहिल्या खटल्यात त्याने दोघांना जिन्यावरून उतरताना पाहिल्याचे शपथेवर सांगितले होते. आमच्या खटल्यात मात्र तो पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून प्रत्येक प्रश्नाला “साहेब, आता आठवत नाही” एवढेच म्हणत राहिला.

सरतपास (साक्षीदार बोलावणाऱ्या पक्षाचे प्रश्न), उलटतपास (विरुद्ध पक्षाचे प्रश्न), निशाणी क्रमांक (पुराव्यातील कागदाला न्यायालय देते तो क्रमांक) हे सारे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून मी थेट माझ्या चुकीकडे येतो. मी ज्यांच्या हाताखाली काम करीत होतो, त्यांनी सांगितले होते की जुनी साक्ष शपथेवरची आहे, ती वाचून घ्यावी असा अर्ज द्यावा, काम होईल. मोबाइलवर जतन केलेल्या तयार नमुन्यात नावे बदलून मी १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ३३ खाली अर्ज केला. आता त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम २७ आहे. मात्र १ जुलै २०२४ पूर्वीच सुरू असलेल्या खटल्यांना १८७२ चाच अधिनियम लागू राहतो, म्हणून दोन्ही क्रमांक पाठ असू द्यावेत. दुसऱ्याचा तयार नमुना वापरणाऱ्याला त्या कलमाचे परंतुक (कलमाला जोडलेल्या अटी) वाचण्याची सवय लागत नाही, हे माझे ठाम मत त्या दिवशी बनले.

अर्ज फेटाळला गेला आणि तो फेटाळला जाणेच योग्य होते. साक्षीदार मयत असेल, सापडत नसेल, साक्ष देण्यास असमर्थ असेल, प्रतिपक्षाने त्याला दूर ठेवले असेल, किंवा त्याला आणण्यात न्यायालयाला अवाजवी वाटेल इतका विलंब वा खर्च होणार असेल, तरच पूर्वीची साक्ष त्या कलमाखाली येते. समोर उभा राहून प्रश्न समजून घेणारा आणि उत्तर देणारा माणूस केवळ विसरला म्हणून असमर्थ ठरत नाही. आजाराने स्मृती गेली असेल, तर वैद्यकीय पुरावा देऊन असमर्थता सिद्ध करावी लागते. तेवढ्यानेही भागत नाही, कारण ज्याच्याविरुद्ध ती साक्ष वापरायची त्याला पूर्वी उलटतपासाचा हक्क आणि संधी मिळालेली असली पाहिजे. आमचा आरोपी तेव्हा फरारी होता, म्हणजे पहिल्या खटल्यात तो पक्षकारच नव्हता. हे मला आदल्या रात्री दिसायला हवे होते. फरारी आरोपीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २९९, म्हणजे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३५, हा त्याच्या गैरहजेरीत नोंदलेली साक्ष वापरण्याचा वेगळा मार्ग आहे. परंतु त्यासाठी आरोपी फरारी असून तो लगेच सापडण्याची शक्यता नाही हे आधी सिद्ध झालेले असावे लागते, आणि तिथेही निव्वळ विस्मरण हे कारण पुरत नाही.

यात खचून जाण्यासारखे काही नाही. विसरलेल्या साक्षीदारासाठी कायद्याने दुसरी दारे उघडी ठेवली आहेत. मी एकाच दारावर धडका देत बसलो. वॉचमनने त्या रात्री स्वतःच्या हाताने लिहिलेली गेटची नोंदवही मुद्देमालात (खटल्यासाठी जप्त केलेल्या वस्तूंत) पडून होती. घटनेच्या वेळी किंवा ती मनात ताजी असताना साक्षीदाराने लिहिलेला कागद त्याला स्मृती ताजी करण्यासाठी पाहता येतो (पुरावा कायद्याचे जुने कलम १५९, नवे १६२). पाहूनही प्रसंग आठवला नाही, पण नोंद बरोबर केली होती याची त्याला खात्री असेल, तर तेवढ्यावरही तो साक्ष देऊ शकतो (जुने १६०, नवे १६३). प्रतिपक्षाला तो कागद दाखवावा लागतो, हे विसरू नये. पोलिसांनी घेतलेला जबाब मात्र सरकार पक्षाने यासाठी साक्षीदाराच्या हातात देऊ नये. त्याच्या वापरावर कायद्याचे कडक बंधन आहे.

जुन्या साक्षीचाही उपयोग होतो, पण तो क्रमाने करावा लागतो. आधी न्यायालयाकडून स्वतःच्या साक्षीदाराला उलटतपासासारखे प्रश्न विचारण्याची परवानगी घ्यावी (जुने १५४, नवे १५७), मग साक्षीतील नेमके वाक्य वाचून दाखवावे (जुने १४५, नवे १४८). संपूर्ण साक्ष एकदम पुढे करू नये. इथे बहुतेक नवखे वकील थांबतात, मीही थांबलो होतो. साक्षीदाराने “हो, असे सांगितले होते” म्हटले, तर त्याने तसे सांगितले होते एवढेच सिद्ध होते, घटना सिद्ध होत नाही. म्हणून पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे: “तेव्हा शपथेवर जे सांगितले, ते खरे होते का?” त्याचे होकारार्थी उत्तर ही आजची, या आरोपीसमोरची साक्ष असते आणि तिच्यावर उलटतपास होऊ शकतो.

पुढे साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज (जुन्या संहितेचे कलम ३११, नव्या संहितेचे ३४८) मंजूर झाला. या वेळी त्याने चष्मा आणला होता. नोंदवहीचे पान डोळ्यांजवळ नेऊन त्याने निळ्या शाईच्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाला, “अक्षर माझंच आहे. चेहरे आता आठवत नाहीत, पण लिहिलं ते खोटं लिहिलेलं नाही.” जुन्या साक्षीतील वाक्य वाचल्यावर, तेव्हा खरेच सांगितले होते, असेही तो म्हणाला. बचाव पक्षाने चेहऱ्यांवरून त्याला तासभर विचारले, आणि ते विचारणे हा त्यांचा हक्कच होता.

अशा प्रकरणात वकीलपत्र किंवा सहाय्याची परवानगी दाखल करताच जुन्या साक्षीच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज करावा, कारण साक्षीदाराने “मी असे म्हणालोच नाही” म्हटले तर झेरॉक्स पुढे करून काही साधत नाही. मुद्देमालाची यादी स्वतः वाचावी, कारकुनाकडून सांगून घेऊ नये. आमच्या यादीत ती वही शेवटून दुसऱ्या ओळीत, ‘एक जुने रजिस्टर’ एवढ्याच शब्दांत होती.