चार्ल्सटनच्या फ्रेंच चर्चमध्ये थडगी वाचायला जाताय? मग आधी हे उरकून घ्या

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा, भिंतीवरची पाटी म्हणजे थडगं नाही. समाधी वेगळी आणि स्मारक वेगळं हे खरं तर आपल्याला कुणी सांगायला नको, पण साऊथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या त्या ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंटांच्या, चर्चमध्ये शिरलं की भिंतींवर संगमरवरी पाट्याच पाट्या, रॅव्हनेल, ह्यूजर, मझीक अशी घराण्यांची नावं, आणि माणूस हुरळतोच. मी हुरळलो होतो. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं आजोळ ह्युगेनॉट, तिच्यासाठी म्हणून गेलो, तिच्या पूर्वजाची पाटी दिसली आणि वहीत लिहून मोकळा, "इथेच पुरलंय". नंतर तिच्या घरच्या कागदांत निघालं की त्या गृहस्थांना लांब सँटी नदीकाठच्या मळ्यावर पुरलेलं.

त्यामुळे तयारीतलं पहिलं काम म्हणजे इमारतीची सनावळी एका कागदावर लिहून खिशात ठेवणं. ह्युगेनॉटांना फ्रान्समध्ये आपला धर्म पाळायची मुभा देणारा नांतचा जाहीरनामा 1685 मध्ये चौदाव्या लुईने रद्द केला आणि हे लोक मिळेल तिकडे पळाले, त्यातले काही इथे आले. पहिलं चर्च 1687 च्या सुमाराचं, ते 1796 मध्ये आग पसरू नये म्हणून पाडलं, 1800 मध्ये दुसरं बांधलं, ते 1844 मध्ये उतरवलं आणि आत्ताचं गॉथिक चर्च 1845 मध्ये उभं राहिलं, आर्किटेक्ट एडवर्ड ब्रिकेल व्हाइट. आता हिशोब करा, या भिंतीवर 1700 च्या आसपास वारलेल्या माणसाची पाटी दिसली तर ती त्याच्या मरणानंतर जवळपास दीडशे वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा तिथे लागलीय, म्हणजे वंशजांनी आठवणीतून किंवा घरच्या बायबलमधून उतरवलेली माहिती. खोटी नाही म्हणत मी, पण साक्षीदार उशिराचा आहे. बाहेर आवारातले दगड वेगळे, प्रत्येक दगडाची तारीख स्वतंत्र तपासा.

दुसरं, नावांची यादी करा आणि एकेका नावाची जमतील तेवढी स्पेलिंगं लिहा. हा भाग कंटाळवाणा वाटतो पण सगळी मजा इथेच आहे. तिथले लोक ह्यूजरला "यूजी" म्हणतात, लेगारेला "लग्री", प्रिओलोला "प्रेलो", हॉरीला "ओरी". इंग्रज कारकुनाने कानाला जसं आलं तसं लिहिलं असेल तर तुमचा माणूस रजिस्टरमध्ये भलत्याच अक्षराखाली सापडणार! आणि बायकांची नावं जास्त जपून बघा. फ्रेंच नोंदींत लग्न झालेल्या बाईचं माहेरचं नावच चालू राहायचं, इंग्रजी दगडावर मात्र ती नवऱ्याच्या नावाने येते, म्हणून दोन्ही नावं यादीत हवीत. इंग्रजी दगडावर "कॉन्सॉर्ट" लिहिलं असेल तर बाई गेली तेव्हा नवरा हयात, "रेलिक्ट" असेल तर विधवा. हा एक शब्द कधीकधी अख्ख्या तारखेचं काम करतो.

तारखांचं तर विचारूच नका. 1752 पर्यंत इंग्रजांच्या वसाहतींत जुनं कॅलेंडर चालायचं आणि कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे फेब्रुवारीतलं मरण कुठे 1712, कुठे 1713 तर कुठे 1712/13 असं दिसतं आणि तिन्ही बरोबर असतात. फ्रान्समध्ये नवं कॅलेंडर आधीच चालू झालेलं, म्हणून तिथल्या कागदाशी जुळवायचं तर त्यात आणखी 10 दिवसांचा फरक, 1700 नंतर 11. शकातून 78 ची बेरीज करून इसवी सन काढणाऱ्या आपल्या लोकांना हे जड जाऊ नये. अजून एक खोडा म्हणजे फ्रेंच नोंदीत 7 चा आकडा आणि पुढे "ब्र" असं दिसलं तर तो जुलै नाही, सप्टेंबर! 8 म्हणजे ऑक्टोबर, 9 नोव्हेंबर, रोमन दहा म्हणजे डिसेंबर. याचा छोटा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर काढूनच जा.

कागद आधी, दगड नंतर. 1706 च्या कायद्याने तिथे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडचं, चर्च सरकारी झालं, त्यामुळे फ्रेंच माणसाची दफनाची नोंद त्याच रस्त्यावरच्या सेंट फिलिप्स चर्चच्या रजिस्टरमध्येही असू शकते, त्याचा 1720 ते 1758 चा भाग 1904 मध्येच छापून आलाय. शहराच्या मृत्यूनोंदी 1821 पासून, राज्याच्या 1915 पासून. मृत्युपत्रं बघा, 1732 पासूनचं साऊथ कॅरोलिना गॅझेट हे वर्तमानपत्र चाळा. ह्युगेनॉट सोसायटी 1885 ची, तिच्या ट्रान्झॅक्शन्स या नियतकालिकाच्या जुन्या अंकांत वंशावळी भरपूर आहेत, घरबसल्या जेवढं होईल तेवढं उरका. आणि हे करताना दिसेलच की याच घराण्यांच्या मळ्यांवर राबलेल्या गुलाम माणसांना पाटी वगैरे काही नाही, त्यांची नावं सापडली तर मालकाच्या मालमत्तेच्या यादीत, गुराढोरांच्या शेजारी. ती पानं सोडून पुढे जाऊ नका.

फोन करून चर्च कधी उघडं असतं, फोटो चालतात का, आवारात फिरता येतं का हे विचारा. रविवारी प्रार्थनेच्या वेळेला कॅमेरा घेऊन घुसू नका, ते म्युझियम नाही, चालू चर्च आहे.

सामानात टॉर्च आणि छोटा आरसा हवाच. भर दुपारी समोरून काढलेल्या फोटोत झिजलेलं अक्षर गायब होतं, तोच उजेड बाजूने तिरका पाडला की ओळ वर येते. त्या किनारपट्टीला स्वतःचा दगड नाही, जुन्या स्लेटच्या शिळा न्यू इंग्लंडहून जहाजाने यायच्या, स्लेटवरचं अजून वाचता येतं, संगमरवर मात्र साखरेसारखा विरघळतो, म्हणून संगमरवरी दगड आधी उरका. खडू, पीठ, शेव्हिंग फोम, तारेचा ब्रश यातलं काहीही बॅगेत नको, यूट्यूबवर कुणीही काहीही दाखवू दे. कागद लावून ठसाही घेऊ नका, पोकळ झालेला दगड तेवढ्या दाबानेही फुटतो.

मजकूर पेन्सिलने, ओळ जिथे तुटते तिथेच तोडून उतरवा, चूक असेल तर चुकीसकट. जुन्या इंग्रजी लिखाणातला लांबडा एस (s) एफसारखा (f) दिसतो तेवढं लक्षात असू द्या. दगडाची मागची बाजू आणि पायथ्याचा छोटा दगड बघा, त्यावर नुसती आद्याक्षरं असली तरी टिपून घ्या, आणि शेजारी कोण कोण आहेत त्याचं साधं स्केच काढा. भिंतीवरच्या पाट्यांना वहीत वेगळा रकाना ठेवा, वर मोठ्या अक्षरात "फक्त स्मारक". डासांचं मलम घ्या, आणि गेटबाहेर पडायच्या आधी प्रत्येक फोटो झूम करून वाचून बघा.